गरम झाली की बंद

टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी दणदणीत आहे, सेल्फ नीट फिरतो, तरी गाडी चालू होत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या फटक्यात चालू होते. जुन्या गाडीच्या दुखण्यांत हे सगळ्यात फसवं दुखणं. मधल्या अर्ध्या तासात ज्याने जे काही केलं असेल, त्याला बरं केल्याचं श्रेय मिळून जातं.

ठाण्यातल्या एका गॅरेजात आलेली 1980च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी अशाच श्रेयांमध्ये अडकली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी म्हणजे मुळात फियाट 1100. तिचं 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साधं, हाताला सगळीकडे पोचू देणारं. मालक काकांनी दोष पेट्रोलवर ठेवला होता. उन्हाळ्यात इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोल पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो, हे पद्मिनीवाल्यांना पाठ असतं. उपायही ठरलेला: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. काका फडकं टाकत, गाडी चालू होई. मग कुणीतरी कॉइलवर संशय घेतला. नवी कॉइल बसेपर्यंत इंजिन थंड झालेलं, त्यामुळे तीही गुणकारी ठरली. पुढच्याच रविवारी गाडी घोडबंदर रस्त्यावर पुन्हा बसली.

मिस्त्रींनी कशालाही हात न लावता आधी इंजिन तापवायला घेतलं. बॉनेट लावून गाडी गॅरेजच्या दारातच चालू ठेवली.

“बंद पडू दे, काका. चालू गाडीत मला काय सापडणार?”

काही वेळाने मिसिंग सुरू झालं, सायलेन्सरमधून एक-दोन फटाके वाजले आणि इंजिन गप्प झालं. आता मात्र मिस्त्रींचे हात भराभर चालू लागले, कारण इंजिन निवलं की दोषही निवणार. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत धरला, पोऱ्याने सेल्फ मारला. पेट्रोल चांगलं पिचकारीसारखं आलं. म्हणजे फडक्याचा प्रश्न मिटला.

मग करंट. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली कॉइलची जाड वायर उपसून, इन्सुलेशनवाल्या पकडीने तिचं टोक इंजिनापासून पाचेक मिलिमीटरवर धरलं. ठिणगी पडली, पण बारीक, पिवळसर, मधूनच गायब होणारी. चांगली ठिणगी निळी-पांढरी असते आणि तिचा चट्-चट् आवाज लांबूनही ऐकू येतो.

या ठिणगीमागची रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ती तयार केली आणि 1910च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसली. बॅटरीचा 12 व्होल्टचा करंट कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमार्गे अर्थला जातो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हे दर सेकंदाला 100 वेळा घडतं.

मेख ‘तुटतो’ या क्रियेत आहे. करंट सहजासहजी तुटत नाही. उघडणाऱ्या पॉइंटमधल्या फटीतून तो ठिणगी होऊन उडी मारू पाहतो. तिथेच तो खर्ची पडला, तर प्लगसाठी काही उरत नाही. म्हणून पॉइंटला जोडून एक कंडेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. पॉइंट उघडताना येणारा लोंढा तो क्षणभर स्वतःत घेतो आणि करंट झटक्यात तुटतो. या डबीच्या आतलं इन्सुलेशन उष्णतेने दगा देऊ लागलं, की थंडीत धडधाकट आणि गरम झाल्यावर निकामी, असं तिचं वागणं होतं.

मिस्त्रींनी टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावली, दुसरी अर्थला. सेल्फ मारताच दिवा लुकलुकला, म्हणजे पॉइंट उघडझाप करत होते. मग कॅप उतरवून पुन्हा सेल्फ. पॉइंटवर डोळ्यांत भरेल अशी ठिणगी नाचत होती. जे प्लगवर दिसायला हवं, ते इथे दिसत होतं.

कंडेन्सर खोलायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्याची फक्त वायर सुटी केली आणि डब्यातला एक जुना, खात्रीचा कंडेन्सर बाहेरच्या बाहेर क्लिपने जोडला. वायरच्या टोकाला लगेच निळी, कडकडीत ठिणगी. कॅप-वायर जागेवर बसवल्यावर गरम इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं.

काका बुचकळ्यात पडले. कंडेन्सर तर मागच्या सर्व्हिसिंगला नवा घातला होता! जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडतं. नवीन म्हणून जो भाग संशयातून सुटतो, तोच नेमका कच्चा निघतो. पद्मिनीचं उत्पादन कधीच थांबलंय, ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आता सुटे भाग मिळतात, पण त्यांच्या दर्जाची हमी देणारं कुणी नाही. मिस्त्रींचा खात्रीचा कंडेन्सर चोर बाजारातून आणलेल्या एका जुन्या डिस्ट्रिब्युटरचा होता.

पण आणखी एक काम राहिलं होतं, आणि बरेच मिस्त्री ते करत नाहीत. इंजिन तापलेलं असतानाच त्यांनी बाहेरचा कंडेन्सर काढून पुन्हा तो नवाच जोडला. इंजिन खोकलं, फटाका वाजला, बंद. पुन्हा जुना जोडला; चालू. तेव्हा कुठे त्यांनी नव्याचा स्क्रू खोलला आणि तो पकडीत चेपून टाकला, कुणी चुकून वापरू नये म्हणून. ठिणग्यांनी खड्डे पडलेले पॉइंट बदलले, फीलर गेज लावून 0.4 मिलिमीटरची फट ठेवली आणि फट बदलली की टायमिंगही सरकतं म्हणून तेही पुन्हा जुळवलं. काकांची जुनी कॉइल मीटरवर ठीक भरली. ती डिकीत गेली, जादाची म्हणून.