पुंगळीचं वजन आणि हजार यार्डांवरचा नेम

रिकामी पितळी पुंगळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायची, आकडा स्थिरावला की वाचायचा आणि वजनानुसार तिला योग्य त्या डब्यात टाकायचं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधले लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज स्पर्धेच्या मोसमाआधी तासन् तास हे काम करतात. स्पर्धेची काडतुसं ते स्वतः भरतात. त्यांचं माप ग्रेनचं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. दोन ग्रेन म्हणजे सोनाराची जवळपास एक गुंज.

एवढ्याशा फरकाचा नेमाशी काय संबंध?

काडतुसाचे भाग चार: पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळते आणि पुंगळीत कोंडलेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. तेवढ्यात पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतींना घट्ट चिकटते. म्हणजे तिचा बाहेरचा आकार चेंबर ठरवतं. मग एखाद्या पुंगळीत पितळ जास्त असेल, तर ते आतली जागा खातं. जागा कमी झाली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो आणि गोळी थोडी जास्त वेगाने सुटते.

.३०८ विंचेस्टर या काडतुसाची चांगल्या बनावटीची पुंगळी साधारण ११ ग्रॅमची असते आणि आत जेमतेम साडेतीन घनसेंटीमीटर जागा. एक ग्रेन जादा पितळ त्यातली सुमारे ०.२ टक्के जागा अडवतं. वेगावर परिणाम त्याहूनही कमी. त्यामुळे एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या पुंगळ्यांत एखाद्या ग्रेनने फारसं बिघडत नाही. खरा धोका सरमिसळीचा. लष्करी पुंगळ्या बहुधा जाड आणि जड असतात; नागरी बनावटीच्या पुंगळ्यांत त्या मिसळल्या की दाबाचं गणितच बदलतं.

पल्ला वाढतो तसं वेगातल्या फरकाचं महत्त्व वाढत जातं. १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत .३०८ची गोळी नळीच्या सरळ रेषेखाली पाच-सात सेंटीमीटर उतरते, १००० यार्डांवर मात्र नऊ-दहा मीटर. वेग एक टक्क्याने घटला, तर जवळच्या लक्ष्यावर जेमतेम मिलिमीटरभर फरक पडतो; दूरच्या लक्ष्यावर गोळी सुमारे २० सेंटीमीटर खाली लागते. लांब पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धेत १००० यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ २५ सेंटीमीटर व्यासाचं असतं. मधोमध धरलेला नेमही अशा वेळी वर्तुळाबाहेर जातो.

वजन हे मात्र आतल्या जागेचं अप्रत्यक्ष माप आहे. पुंगळीच्या बुडाशी, जिथे रायफलचा आकडा पकडतो त्या खाचेत पितळ थोडं कमी-जास्त असलं, तर वजन बदलतं, जागा नाही. असे आणखी फरक वजनात मिसळू नयेत म्हणून जाणकार एकाच रायफलमध्ये झाडलेल्या पुंगळ्या आधी साफ करतात, एका लांबीला कापतात आणि मगच काट्यावर ठेवतात. शंका उरली तर पुंगळीत काठोकाठ पाणी भरून त्या पाण्याचं वजन करतात. तेच खरं मोजमाप. वजनात फार वेगळ्या निघालेल्या पुंगळ्या नेम जुळवण्याच्या सुरुवातीच्या फैरींसाठी वापरता येतात.

ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात काडतूस स्वतः भरण्याची मुभाच नाही. .२२ काडतूस कारखान्यातून भरूनच येतं. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या काठातच असल्याने ते पुन्हा भरण्याजोगं नसतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच .२२ रायफलवर. इथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. त्यामुळे या पातळीवर पुंगळ्यांऐवजी अख्खा लॉट पारखला जातो: नळी पकडीत पक्की आवळायची, निरनिराळ्या लॉटची काडतुसं ५० मीटरवर झाडायची आणि सर्वांत घट्ट पुंजका कुठला ते मोजायचं. पसंत पडलेल्या लॉटचा साठा एकदमच घेऊन ठेवतात, कारण पुढचा लॉट त्याच नळीला तितकाच मानवेल याची खात्री नसते.