१४२८५७ : फिरती संख्या

१४२८५७ ला २ ने गुणा, येतात २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. ६ पर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने येतात; फक्त सुरुवातीचा अंक बदलतो. ७ ने गुणलं की मात्र सगळे नऊ: ९९९९९९.

याचं मूळ १ भागिले ७ मध्ये आहे. या भागाकारात बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी उरत जाते आणि पुन्हा १ वर येते. त्यामुळे भागाकार ०.१४२८५७१४२८५७… असा अखंड चालतो. २ किंवा ३ ला ७ ने भागलं, तर त्याच चक्रात वेगळ्या ठिकाणी शिरकाव होतो, एवढंच. वहीत एकदा हा भागाकार मांडून पाहावाच. सगळं गुपित तिथे डोळ्यांसमोर उलगडतं. १७ पासून अशीच सोळा अंकी संख्या मिळते: ०५८८२३५२९४११७६४७. तिथे सुरुवातीचं शून्यही मोजायचं.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कापरेकर संख्यां’तही १४२८५७ बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करा: २०४०८ आणि १२२४४९. त्यांची बेरीज १४२८५७.