पाहुणा घरमालकावर उलटतो तेव्हा
आम्हा नागभीडकरांना सिकलसेल नवा नाही. शाळेत माझ्या बाकावरची मैत्रीण त्यापायी आठवडा आठवडा गैरहजर असायची.

दात्याच्या स्टेम सेल्स दिल्या तर हा आजार बरा होऊ शकतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ सालीच झालं. एक मोठा धोका असा: दात्याच्या टी-पेशी रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत यांवर तुटून पडतात. पाहुणाच घरमालकाला मारतो!

म्हणून आधी एचएलए जुळवतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक; आईबाबांशी साधारण निम्मंच जुळतं. मग प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात. चवताळून वाढू लागलेल्या टी-पेशी त्याने मरतात. स्टेम सेल्स वाचतात, कारण ते औषध निकामी करणारं एन्झाइम त्यांच्याकडे भरपूर असतं.

माझी मैत्रीण एकुलती एक आहे. आता तिची आईसुद्धा दाता होऊ शकते.