विजेच्या मोटारीचा पल्ला

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण येथे आगगाडी नाही. रेल्वे गाठायची म्हणजे राजूरचा घाट उतरून मलकापूरला जावयाचे. हायकोर्टाच्या कामासाठी नागपूरला जाणे असो, की रोग्याला छत्रपती संभाजीनगरच्या इस्पितळात पोचविणे असो, आपली सारी भिस्त रस्त्यावर आणि मोटारीवर. म्हणून विजेची मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता तरी केवळ हौसेचा नाही. “वाटेत वीज संपली तर काय?” असे विचारणाऱ्याला भित्रा ठरवून हसण्यात अर्थ नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर साध्या अंकगणिताने देता येते.

विजेची मोटार ही काही कालपरवाची वस्तू नव्हे. ताशी १०० किलोमीटरचा वेग रस्त्यावरील वाहनाने प्रथम ओलांडला तो १८९९ साली, आणि ते वाहन विजेवर चालणारे होते. तरीही पुढे शंभर वर्षे पेट्रोलचे राज्य चालले. याचे कारण शिदोरीत आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. चाळीस लिटरची टाकी म्हणजे साडेतीनशे युनिटांचे गाठोडे! त्यातील तीन-चतुर्थांश भाग एंजिन उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, तरी नव्वदएक युनिट चाकांच्या कामी येतात. उलट दोन-अडीचशे किलो वजनाच्या बॅटरीत ३० युनिटच मावतात. विजेची मोटार मोठी काटकसरी. मिळालेल्या ऊर्जेपैकी ८५ ते ९० टक्के ती कामी लावते. पण मुळात शिदोरीच लहान, त्यामुळे प्रत्येक घासाचा हिशेब ठेवावा लागतो.

आता जाहिरातीतील आकड्याकडे वळू. २०२० साली बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या मोटारीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, आणि तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. म्हणजे एका युनिटला दहा किलोमीटरांहून थोडे अधिक. हा आकडा खोटा नाही. मात्र तो ठरलेल्या चाचणीतला आहे. त्या चाचणीत सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटरचा असतो आणि सरासरी वेग त्याहून पुष्कळ कमी. महामार्गावर ताशी नव्वद-शंभरच्या वेगाने जाणाऱ्या अशा मोटारीला युनिटमागे सहा-सात किलोमीटर धरणे शहाणपणाचे. मग ३१२ चे २०० होतात.

ही घट होते तरी कशाने? पहिले कारण वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून १२० वर नेला, म्हणजे दीडपट केला, की हा विरोध सव्वादोन पट होतो. मेहकर, सिंदखेडराजा या आपल्या भागांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, आणि मोकळा रस्ता पाहून पाय आपोआप दाबला जातो. तेथेच पल्ला आटतो.

दुसरे कारण चढ. माणसांसह १७०० किलोची मोटार साडेतीनशे मीटर उंच चढवायची, तर केवळ उचलण्यासाठीच दीड युनिटाहून अधिक वीज लागते. मलकापूरहून बुलढाण्यास येताना घाटात हाच खर्च होतो, म्हणजे सपाटीवरचे दहाएक किलोमीटर गेले. उतरताना मोटरच जनित्र होते आणि काही भाग परत मिळतो. पण सगळा नव्हे. तिसरे कारण आपला वैशाख. गाडी थंड ठेवण्यास तासाला एखादे-दीड युनिट सहज लागते.

खर्च समजला, तरी भरण्याचा प्रश्न उरतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीस युनिट भरण्यास नऊ-दहा तास लागतात. रात्रीच्या मुक्कामात ते होऊन जाते. वाटेवरच्या जलद यंत्रावर अशी मोटार २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पाऊण तासात भरते, पण पुढचे वीस टक्के रेंगाळतात. असे का? व्याख्यानाच्या सभागृहाचेच उदाहरण घ्या. आरंभी येणाऱ्यांना खुर्ची चटकन मिळते. सभागृह भरत आले की उशिरा येणाऱ्यांना रिकामी जागा शोधावी लागते. बॅटरीतील लिथियमच्या कणांचेही तसेच आहे. घाईने आत रेटले, तर जागा न मिळालेले कण पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात आणि बॅटरीला इजा करतात. म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. बॅटरी फार तापली असली, तरीही तेच.

हा सगळा हिशेब एका प्रवासाला लावून पाहू. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर. घरून पूर्ण भरून निघालो आणि वीस टक्के हाताशी राखले, तर चोवीस युनिट खर्चायला मिळतात. युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरले, तर झाले १५६. म्हणजे जाणे निभते. परतणे तेथे भरल्यावाचून नाही. पुढे जायचे असले, तर वाटेत ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरायचे, म्हणजे दर टप्प्याला अठरा युनिट, सुमारे ११७ किलोमीटर. बॅटरी दुप्पट असली तर टप्पेही जवळजवळ दुप्पट लांबतात, मात्र किंमत आणि वजनही वाढते.

यात नवल वाटण्याजोगे काही नाही. १८६७ साली नागपूरपर्यंत पोचलेल्या लोहमार्गावर वाफेची एंजिने धावत, तीही ठराविक स्टेशनांवर पाणी घेत घेतच. एंजिनाचा पल्ला त्याच्या टाकीइतकाच रुळांकाठच्या पाण्याच्या टाक्यांवर अवलंबून होता. विजेच्या मोटारीचेही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकर माफ केला, आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट ठेवले. हे स्वागतार्ह आहे. मात्र नकाशावरचे केंद्र आणि चालू असलेले केंद्र यांत अंतर असते. एकच यंत्र असले आणि ते बंद पडले, तर तेथवर आलेल्या प्रवाशाला पुढचे २५ किलोमीटरही फार. रांगेत दोन गाड्या पुढे असल्या, की दीड तास गेला. आणि गाडीत रोगी असला, तर तो दीड तास मोलाचा ठरतो.

म्हणून प्रवाशाने निघण्यापूर्वी पुढचा आणि त्याच्याही पुढचा मुक्काम हेरून ठेवावा, वीस टक्क्यांची गंगाजळी मोडू नये, आणि वीज कमी भासताच वेग उतरवावा. एवढ्याने पल्ला हमखास वाढतो. नागरिक म्हणून आपण एक मागणी मात्र लावून धरली पाहिजे. तालुक्याच्या प्रत्येक गावी, बसस्थानकाजवळ वा इस्पितळाजवळ, किमान दोन यंत्रे असावीत, त्यांना अखंड वीज मिळावी, आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी कोणा एकावर निश्चित असावी. ज्या गावाला रेल्वे नाही, त्याने ही मागणी इतरांच्या आधी करावी.