जुने कपडे: भांडी घ्यावीत की कमिशन द्यावं?

दुपारी गल्लीत भांडेवालीची हाक आली की आपल्या नांदगाव खंडेश्वरातही कुणीतरी आई कपाटातलं गाठोडं काढते. बोहारणीशी घासाघीस होते आणि दोन साड्या, एका पँटवर स्टीलचं पातेलं घरात येतं. हा व्यवहार आपण मुलांना कधी गणित म्हणून दाखवतो का?

बोहारणीने कपडा घेतला की तो तिचा. विकेल की नाही, ही जोखीमही तिचीच. पुढे तो धुऊन, शिवून, इस्त्री होऊन विकला जातो. दिल्लीच्या रघुबीर नगरात तर अशा कपड्यांचा बाजार पहाटे अंधारातच भरतो. तेव्हा तिला लगेच लबाड ठरवू नका, बरं का!

मोठ्या शहरांत दुसरी पद्धतही दिसते. दुकानदार कपडा ठेवून घेतो, पण मालकी तुमचीच राहते. विकला तरच पैसे, तेही कमिशन कापून. वऱ्हाडात हे काही नवं नाही. माल शेतकऱ्याचा, विकून देतो अडत्या. आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ हे प्रकरण आहे, तिथे हेच उदाहरण घ्या. समजा, स्वेटर 400 रुपयांना गेला, कमिशन 30 टक्के. हाती 280. आणि नाहीच विकला तर? स्वेटर परत, पैसे शून्य. मुलं इथेच अडतात.

जुना कपडा विकत घेताना मात्र उजेडात पाहा: काखेतली शिवण, चेन, कॉलरची घडी. आणि आजीची खऱ्या जरीची साडी पातेल्यावर देऊन टाकू नका. त्या जरीत चांदी असते. आधी सराफाला दाखवा.