मीटिंग ऑनलाइन, अदब तोच

गेल्या रमजानमधली गोष्ट. संध्याकाळी आमच्या विभागाची ऑनलाइन मीटिंग होती आणि ती मीच चालवत होतो. सुरुवातीलाच मी फर्मान सोडलं, "सगळ्यांनी कॅमेरे सुरू करा." एका तरुण सहकारी मॅडमनी दोनदा लिहून कळवलं, "सर, आज राहू द्या." मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी कॅमेरा सुरू केला. एका खोलीचं घर, मागे खाटेवर आजारी सासरे, त्यांना कुणीतरी भरवत होतं. कुणी काही बोललं नाही, पण बघितलं सगळ्यांनी. मॅडम शेवटपर्यंत मान खाली घालून बसल्या.

थोड्या वेळाने मगरिबची अजान झाली. खजूर हातात घेतला, पण घशाखाली उतरेना. दिवसभर अन्नपाण्याचा रोजा पाळला होता, नजरेचा मात्र मोडला होता.

परवानगी आणि सलाम याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, 'परत जा' म्हटलं तर परत फिरा, असं कुरआनच्या सूरह नूरमध्ये सांगितलं आहे. आपल्या गावात तरी दुसरी कुठली रीत आहे? 'आत येऊ का?' असं विचारूनच आपण कुणाचाही उंबरठा ओलांडतो. 2020च्या टाळेबंदीपासून मीटिंग घराघरांत आल्या आणि हा उंबरठा दिसेनासा झाला. कॅमेरा हे दुसऱ्याच्या घराचं दार आहे, हेच आपण विसरलो.

सूरह मुजादलामध्ये मजलिशीचा एक अदब सांगितला आहे: इतरांसाठी जागा करून द्या. ऑनलाइन मीटिंगमध्ये खुर्ची सरकवायची नसते, आवाजाला जागा द्यायची असते. आपली पाळी नसेल तेव्हा माईक बंद ठेवावा, म्हणजे आपल्या कुकरची शिट्टी दहा घरांत वाजत नाही. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. नेटवर्क गेल्यामुळे ज्याचं बोलणं तुटलं, त्याला पुन्हा संधी द्यावी. गप्प बसलेल्यालाही नाव घेऊन विचारावं.

मजलिशीतलं बोलणं ही अमानत, असंही आमच्याकडे मानतात. म्हणून न विचारता रेकॉर्डिंग करू नये, कुणाच्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवू नये. स्वतःचा स्क्रीन दाखवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप बंद करावं. तिथे दुसऱ्यांचे खासगी निरोप असतात.

वेळेचंही तसंच. मीटिंग ठरवताना समोरच्याच्या घरात तेव्हा काय चाललं असेल, याचा विचार करावा. रोजेदाराची इफ्तार असो, लक्ष्मीपूजन असो की लेकराला भरवायची वेळ. पण आम्हा रोजेदारांनीही गुपचूप गायब होऊ नये. 'इतक्या वाजता मला उठावं लागेल' हे सुरुवातीलाच सांगितलं की कुणाचा खोळंबा होत नाही. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

त्या रात्री तरावीहनंतर मी मॅडमना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, सासऱ्यांची मला लाज वाटली नाही. त्यांना न विचारता सगळ्यांसमोर आणलं, याचं वाईट वाटलं."

आता मीटिंगच्या सुरुवातीला मी फर्मान सोडत नाही, विचारतो, "कॅमेरा चालेल का?" कुणी नाही म्हटलं, तर कारण विचारत नाही.