रेंज कुठे मिळेल? ढाणकीच्या खिशातली भन्नाट तंत्रदुनिया

मोबाइलची परीक्षणं बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून होतात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजले, गेम खेळून पाहिला, झाला निकाल. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ढाणकीत प्रश्न निराळे आहेत. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशात हा फोन तग धरेल का? पैनगंगेच्या अंगाने जंगलातल्या बंदी भागात उतरलं की रेंज टिकेल का? लाइन गेली तर बॅटरी रात्र काढेल का? आणि घरातल्या आजीला तो मराठीत वापरता येईल का? या चार कसोट्यांवर जे यंत्र उतरतं तेच चांगलं, असं माझं ठाम मत आहे. या कसोट्या लावत गेलं की एकाहून एक मजेदार गोष्टी हाती लागतात.

छत्रीवरून दिशा ओळखा

ढाणकीतल्या कोणत्याही गच्चीवरची टीव्हीची छत्री बघा. तोंड दक्षिणेकडे, तेही पूर्वेला कललेलं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटरवर असतात. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला. त्यात डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आणि ढाणकी ७८ अंशांच्या जवळपास. म्हणून छत्रीला आग्नेयेकडे बघावं लागतं. अनोळखी गावात ढगाळ दिवशी दिशा कळेना, तर खुशाल छत्री शोधा!

आता दुसरी टोकाची गोष्ट. स्टारलिंकचे उपग्रह फक्त साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. ढाणकीपासून मुंबई सरळ रेषेत जवळपास तेवढीच दूर आहे. म्हणजे डोक्यावरून जाणारा तो उपग्रह आणि मुंबईचा समुद्रकिनारा आपल्याला सारखेच जवळ! नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवबरोबर आपल्या शेजारच्या वाशिमचंही नाव आहे. जंगलातल्या आश्रमशाळांना आणि आरोग्य केंद्रांना याचा मोठा उपयोग होईल असं मला वाटतं. पण उपग्रहाच्या इंटरनेटला मोकळं आभाळ लागतं, झाडाची फांदी मध्ये आली तरी खोळंबा. गावातल्या घरासाठी माझी पहिली पसंती फायबरलाच.

फायबर म्हणजे काचेचा तंतू, आणि त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. तिथून ढाणकीपर्यंत तार कितीही वळसे घेत आली, तरी प्रकाशाला पाच-सात सहस्रांश सेकंद पुरतात. मग संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ गोल गोल का फिरतो? टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातल्या सगळ्या फोनांत वाटली जाते, आणि सात ते दहा या वेळात सगळेच एकदम ऑनलाइन येतात. मोठं अपडेट पहाटे घ्या, फरक लगेच दिसेल.

खोक्यावर ‘बँड २८’ लिहिलंय का?

फोन घेताना बहुतेक जण रॅम विचारतात. मी बँड विचारतो. रेडिओलहरींची वारंवारिता जितकी कमी, तितकी ती लांब जाते आणि भिंती, झाडं ओलांडून आत शिरते. ७०० मेगाहर्ट्झचा टॉवर २३०० मेगाहर्ट्झच्या टॉवरपेक्षा कितीतरी दूरवर पोचतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं देशभर उद्घाटन झालं. ती सेवा ज्या बँडांवर चालते त्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आहे. तो नसलेला फोन घेतला, तर गावाबाहेर गेल्यावर नेमकी हीच लांब पल्ल्याची लहर आपल्या हातून जाते. पैनगंगा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्याने रॅम दोन जीबी कमी घ्यावी, पण बँड सोडू नये.

जाहिरातीतलं आणखी एक गणित. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल उतरते असं नाही. वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे हाती येतात साडेबारा एमबी. ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान किती वेग हवा? जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएस पुरत होते, आता २ एमबीपीएस लागतात. ऑगस्ट १९९५ मध्ये व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं तेव्हा डायल-अपचा वेग होता ९.६ केबीपीएस. त्या वेगाने आजचा तीन एमबीचा फोटो उतरायला चाळीसेक मिनिटं लागली असती.

वर्षात महिने तेरा

२८ दिवसांचं रिचार्ज मारणाऱ्याचं वर्ष तेरा महिन्यांचं होतं. ३६५ भागिले २८, करून बघा. यावर दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने भरता येणारा प्लॅन ठेवावा. असे प्लॅन यादीत खाली असतात, शोधावे लागतात. शोधा.

त्याहून महत्त्वाचा निर्णय डिसेंबर २०२४ चा. ज्यांना डेटा नकोच आहे, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं स्वतंत्र रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. बटणाचा मोबाइल वापरणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनी न वापरलेल्या डेटाचे पैसे का भरायचे? दुकानात गेल्यावर हे रिचार्ज नाव घेऊन मागा, कारण आपणहून फारसं कोणी सांगत नाही.

बटणाच्या मोबाइलबद्दल मला मनापासून आदर आहे. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० जगभर पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. होता टॉर्च, आणि धूळ आत शिरू न देणारा कीपॅड. रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाला याहून काय हवं? त्याच वर्षी मे महिन्यापासून भारतात इनकमिंग कॉल फुकट झाले. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात खर्च होता आणि समोरून आलेल्या कॉलचेही पैसे पडत. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायची युक्ती त्याच महागाईतून जन्मली. आणि गंमत पाहा, मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं, त्यातला पैसे देण्याचा एक अधिकृत मार्ग चक्क मिस्ड कॉलचा आहे!

ढाणकीतलं सर्वोत्तम गॅजेट

माझं मत विचाराल तर हा मान चहाच्या टपरीवरच्या बोलणाऱ्या डब्याला. महागड्या फोनांना मी दुसरा नंबर देईन. या साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की बँकेच्या बाजूने संदेश थेट डब्यापर्यंत येतो आणि मगच तो बोलतो. त्यामुळे खोटा स्क्रीनशॉट दाखवून डब्याला फसवता येत नाही. दुकानदाराचे हात पिठात असोत की कढईत, फोन काढून बघावं लागत नाही. वाचता न येणाऱ्या मावशीही त्यावर धंदा करतात. एवढं नेमकं काम करणारं यंत्र फार क्वचित बनतं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली तेव्हा पुढे त्याला असा आवाज फुटेल, हे कोणाच्या मनात आलं असेल?

‘पऱ्हाटी’ टाइप करून दाखवा

या शब्दातला ‘ऱ्ह’ मोबाइलवर उमटवणं ही खरी परीक्षा. साधा ‘र’ घेऊन जोडलं की रफार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ वेगळा ठेवलेला आहे. कीबोर्डवर ‘र’ दाबून धरा, बऱ्याचदा तो तिथे लपलेला असतो.

‘ॲ’ची कथा तर ऐकण्यासारखी. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं एप्रिल २००८ मध्ये. ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं त्याच वर्षी जुलैमध्ये. मराठीला ‘ॲप’ लिहायला अक्षर मिळालं आणि तीन महिन्यांत जगाला ॲपचं दुकान मिळालं!

एसएमएसमध्ये मात्र मराठीला अजून तोटा आहे. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात प्रत्येक काना, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘ढाणकी’ लिहायला सत्तरपैकी पाच जागा जातात. मराठी संदेशाचे दोन तुकडे होतात ते यामुळे. तरीही मराठीतच लिहावं, असा माझा आग्रह आहे. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर बोला. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग ऑगस्ट २०१७ पासून आहे, आणि आपलं वऱ्हाडी वळणही ते बरंच समजून घेतं.

आणि वैदर्भीयांनी हेही लक्षात ठेवावं, की पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली भारताचा पहिला महासंगणक ‘परम’ उभा करणारे डॉ. विजय भाटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आज आपल्या खिशातला साधा स्मार्टफोन त्या परमपेक्षा वेगाने आकडेमोड करतो.

वीज, ऊन आणि खड्डे

शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ‘दामिनी’ असायलाच हवं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने बनवलेलं हे ॲप आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देतं. मोबाइल वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे. झाडाखाली उभं राहणं मात्र खरोखर जिवावर बेतू शकतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरांच्या प्रत्येक गटात एकाकडे तरी हे ॲप सुरू असावं. मी भेटेल त्याच्या फोनमध्ये ते टाकून देतो.

ऊन हा बॅटरीचा शत्रू. आयफोन शून्य ते ३५ अंशांत वापरावा, असं त्याची कंपनीच सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतही पारा त्याच्या वर! चार्ज होत असताना फोन उशीखाली नको, गाडीच्या डिकीत नको. मोटारसायकलच्या हँडलवर तर मुळीच नको, कारण २०२१ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं, की इंजिनाच्या सततच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. आपल्या रस्त्यांवर ही सूचना दुप्पट लागू.

नेट नाही, तरी जागा कळते

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक नोंदवायला शेतकरी स्वतः फोन घेऊन बांधावर उभा राहिला. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. अनेकांना वाटतं, रेंज नसेल तर जीपीएसही बंद. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून सतत वेळ सांगत असतात, फोन फक्त ऐकतो आणि गणित करतो. नकाशाचं चित्र तेवढं नेटवरून येतं. ते घरी असतानाच उतरवून ठेवा. या उपग्रहांतली घड्याळं आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ती दुरुस्ती केली नसती तर एका दिवसात जागा दहाएक किलोमीटर सरकली असती, आणि ढाणकीचा कापूस दुसऱ्याच गावाच्या शिवारात नोंदला गेला असता.

जागेचीच आणखी एक गोष्ट. फोन ऑनलाइन मागवताना ॲप आधी पिनकोड विचारतं ना? ती सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती घडवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! त्यांच्या मांडणीत ४४५ म्हणजे यवतमाळ जिल्हा.

पाचच जणांना का?

ही गोष्ट हसत सांगण्यासारखी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा घटना तेव्हा देशभर घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती साऱ्या जगाला लागू झाली. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असं लिहिलेला संदेश दिसला की माझं बोट थांबतं.

आजच करून ठेवा

*#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. तो वहीत लिहून ठेवा, बिलाशेजारी. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन, ‘संचार साथी’ पोर्टलवर हाच नंबर टाकून फोन देशभर बंद पाडता येतो. चोराने सिम बदललं तरी. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हेही तिथेच कळतं. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर बँक उघडायची वाट न पाहता लगेच १९३० वर फोन लावा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.